भुयारवाले काका

नगरच्या सावेडीतल्या पाइपलाइन रोडवर दर दोन-चार सोसायट्यांमागे एक भुयारवाले काका निघतात. वय पन्नाशीच्या आसपास, नोकरी नागापूर एमआयडीसीत नाहीतर बँकेत, आणि चहा पिता पिता सहज सांगतात, ‘‘घरापासून मुंबईपर्यंत टनेल टाकलंय.’’ पहिल्यांदा ऐकणारा आधी फरशीकडे बघतो.

मूळ कारण पाण्याची टाकी. ती भरली की नाही हे ऑफिसातून दिसावं म्हणून काकांनी गच्चीवर कॅमेरा लावला. घरात चित्र छान यायचं. दूध आणायला कोपऱ्यावर गेलं की गायब. मग कळलं की इंटरनेटवाल्याने त्यांना स्वतःचा पत्ताच दिलेला नाही. जुन्या पद्धतीचे पत्ते सारे मिळून साधारण ४३० कोटी, ते जगाला पुरेनात. म्हणून २०१२ साली १००.६४ पासूनचा एक पट्टा सामायिक वापरासाठी बाजूला काढला गेला. बाहेरच्या जगाला दिसणारा पत्ता एक आणि त्यामागे घरं अनेक. आतल्याला बाहेर जाता येतं, बाहेरच्याला आत यायला दार नाही.

काकांनी मुंबईत एक सर्व्हर भाड्याने घेतला आणि भुयार खणणारं वायरगार्ड बसवलं. जेसन डोनेनफेल्डचं हे सॉफ्टवेअर लिनक्सच्या ५.६ आवृत्तीत आलं ते मार्च २०२० मध्ये. त्या महिन्यातली काकांना आठवणारी बातमी तेवढीच! भुयाराचं घराकडचं तोंड कपाटातल्या चिमुकल्या संगणकात. तिथून दर २५ सेकंदांनी मुंबईला एक रिकामं पॅकेट जातं, परगावी शिकणाऱ्या पोराला आईने ‘जेवलास का’ विचारावं तसं. वाट उघडी राहायला तेवढं पुरतं.

भुयार झालं, पेढे वाटले, कॅमेरा मात्र दिसेना.

निजामशाहीत कापूरवाडीचं पाणी जमिनीखालच्या खापरी नळांतून नगर शहरात येई. त्या कारागिरांचं बरं होतं, आलेल्या पाण्याला परत जायचं नसे. पॅकेटला उत्तर घेऊन परतावं लागतं. काकांचा निरोप कॅमेऱ्यापर्यंत पोचत होता, कॅमेरा उत्तरही देत होता. पण ते पडे राउटरच्या हाती, आणि राउटरला भुयारातल्या पत्त्यांचं १०.८ नावाचं गाव ठाऊकच नव्हतं. माळीवाडा स्टँडवर नवख्याला भलत्याच एसटीत बसवावं तसं तो ते सरळ इंटरनेटकडे ढकलून मोकळा होई. ‘१०.८ ला जायचंय? कपाटातल्याला विचारा,’ एवढी एक ओळ राउटरमध्ये लिहायला तीन रविवार गेले.

त्यातला एक रविवार तर स्वतःच्याच सर्व्हरबाहेर गेला. रागाच्या भरात काकांनी सर्व्हरच्या बाजूला चार शून्यं लिहिली, म्हणजे सगळं जग भुयारातून. आज्ञाधारक सर्व्हरने काकांना द्यायची उत्तरंही भुयारात कोंबली. काका बाहेर, किल्ली आत. (‘‘घरातही असंच करतात,’’ असं काकू म्हणाल्या, पण तो वेगळा विषय.)

मग पिंग येऊ लागलं, चित्र अर्ध्यावर अडकू लागलं. घरातली मोठी पॅकेटं १५०० बाइटची, भुयाराचं तोंड १४२० चं. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात हे समजावणं सोपं आहे: वेशीतून सायकल निघून जाते, उसाची ट्रॉली अडकते. काकांनी ट्रॉल्या लहान केल्या.

परवा काका-काकू शनिशिंगणापूरला गेले होते. जिथल्या घरांना परंपरेने दारं नाहीत, कुलपं नाहीत, त्या गावात उभं राहून काकांनी ४४ अक्षरी किल्लीचं भुयार उघडलं. चित्र लख्ख! तेवढ्यात शेजारच्या वहिनींचा फोन आला.

‘‘भाऊजी, तुमची टाकी वाहतेय.’’

‘‘हो, बघतोय ना!’’ काका अभिमानाने म्हणाले.

‘‘मग मोटर बंद करा की.’’

काकांनी फोन काकूंकडे दिला. मोटरचं बटण जिन्याखाली होतं.