अण्णांचा फंड

म्युच्युअल फंडात पैसे घालण्याआधी माणसाने योजनेचं माहितीपत्रक नीट वाचावं, असं सगळे सांगतात. केळशीचे अण्णा माहितीपत्रक वाचत नाहीत. ते माणूस वाचतात.

असा एक अण्णा कोकणातल्या प्रत्येक आळीत सापडतो. मुंबईत फोर्टातल्या कचेरीत उभा जन्म कारकुनी करून, गिरगावातली खोली विकून, वडिलार्जित घराला नवी कौलं चढवून तो गावी परतलेला असतो. मागे पोफळी-नारळाची वाडी, पुढे झोपाळा, ठाण्याला मुलगा. पोस्टातल्या मासिक प्राप्ती योजनेवर त्याची देवाइतकीच श्रद्धा असते. पण २०१७ पासून टीव्हीवर ‘म्युच्युअल फंड सही है’ सुरू झालं आणि ती श्रद्धा जरा डळमळली. जाहिरातीपेक्षा तिच्या शेवटी धापा टाकत म्हटल्या जाणाऱ्या जोखमीच्या सूचनेवर मात्र त्याचं बारीक लक्ष. “जे मनापासून सांगायचं असतं,” अण्णा म्हणतात, “ते माणूस इतक्या घाईत सांगत नाही.”

दापोलीहून एजंट आला. कोरा शर्ट, काखेत फाइल. ओटीवर पाणी देऊन झाल्यावर अण्णांनी पहिला प्रश्न टाकला, “कोणाचे तुम्ही?” तो बिचारा कंपनीचं नाव सांगू लागला. “ते नव्हे हो. मूळचे कुठले?” मग आजोळ निघालं, आंजर्ल्याची मावशी निघाली, आणि मावशीचे दीर अण्णांच्या शाळासोबत्याचे साडू निघाले. अर्धा व्यवहार तिथेच झाला. एजंट लार्ज कॅप, मिड कॅप, रिस्कोमीटर असं बरंच काही बोलत होता. अण्णा मान हलवत होते, पण आत पोह्यांची वर्दी केव्हाच गेली होती.

“एवढंच सांगा,” चहा झाल्यावर अण्णा म्हणाले, “पैसा प्रत्यक्ष सांभाळणारा गृहस्थ कुठला?”

“चेन्नईचे आहेत. फार मोठं शिक्षण आहे त्यांचं.”

“हुशार असणार, प्रश्नच नाही. पण उद्या काही झालं तर त्यांच्या घरी जाऊन बसायचं कुणी?”

यावर सेबीच्या नियमावलीतही उत्तर नाही. विश्वस्त, कस्टोडियन, मालमत्ता व्यवस्थापन कंपनी असे सगळे वेगवेगळे नेमून, एकाच्या हाती सगळ्या किल्ल्या राहू नयेत, अशी व्यवस्था त्यात केलेली आहे. अण्णांच्या मते ज्या व्यवहारात चार तिऱ्हाईत असतात, तो एका ओळखीच्या माणसाच्या व्यवहारापेक्षा चौपट धोक्याचा.

भाव कळण्याचंही तेच. नव्या योजनेचं युनिट दहा रुपयांना मिळतं आणि जुन्या नावाजलेल्या योजनेचं चारशे ऐंशीला, हे ऐकल्यावर अण्णांनी दहाचंच धरलं. मी त्यांना कागदावर मांडून दाखवलं, की दोन्ही फंड दहा टक्के वाढले तर दोन्हीकडे हजाराचे अकराशेच होतात. युनिटं किती आली याला काही अर्थ नाही. अण्णांनी कागद दोनदा पाहिला. “हिशेब बरोबर आहे रे तुझा,” ते म्हणाले, “पण नग जास्त येतात ना?”

त्यांना हसू नये. १९९४च्या जानेवारीत मॉर्गन स्टॅन्ली ग्रोथ फंड आला तेव्हा मुंबईत अर्जांसाठी रांगा लागल्या होत्या, आणि त्या रांगांत कोकणातले अण्णा एकटेच नव्हते. शिकलेसवरलेले साहेबलोकही होते. दहाचं युनिट बाजारात आल्या आल्या दामदुप्पट होणार, अशी हवा होती. पुढे ते कित्येक वर्षं दहाच्या खालीच घुटमळलं. त्या फंडाविषयी अण्णा आता अवाक्षर काढत नाहीत, रांगेचं वर्णन मात्र अजून रंगात येऊन करतात. “एवढी माणसं उभी होती, म्हणजे काहीतरी असणारच की!” आजही केळशीत फंड खपतो तो असाच. महालक्ष्मीच्या चैत्रातल्या यात्रेला सगळे चाकरमानी जमतात. रथ निघायची वाट पाहत बाप्ये कट्ट्यावर बसतात आणि कुणाच्या जावयाने कशात किती घातले याची वार्षिक सर्वसाधारण सभा तिथे भरते. तोट्याचा विषय त्या सभेत कधीच निघत नाही. त्यामुळे यात्रेहून घरी परतताना अण्णांना वाटतं, अख्ख्या गावात मागे राहिलो तो आपणच. पुढच्या आठवड्यात दापोलीच्या एजंटाला फोन जातो.

कानमन आणि ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली सिद्धान्त मांडला, की तेवढ्याच रकमेच्या नफ्याने माणूस जितका सुखावतो, त्याहून कितीतरी जास्त तोट्याने दुखावतो. अण्णांना सुपारीचा भाव चढल्याचं एकही वर्ष सांगता येत नाही; पडल्याच्या तारखा वारासकट पाठ आहेत. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात ३,९३४ अंकांनी कोसळला, त्या रात्री त्यांनी ठाण्याला फोन केला, “सगळं काढ.” मुलगा म्हणाला, “अण्णा, कर्फ्यू आहे.” कर्फ्यूत संकेतस्थळही बंद असतं, असा अण्णांचा समज झाला आणि मुलाने तो दूर केला नाही. मग ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. वाडीतल्या पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडून पडल्या, वीज गेली, मोबाइलची रेंज गेली. सेन्सेक्स तोवर २६ हजारांच्या आतून ३४ हजारांपार आला होता आणि अण्णांना त्याचा पत्ताच नव्हता. एवढ्या वर्षांत त्यांना लाभलेला सर्वांत उत्तम गुंतवणूक सल्लागार म्हणजे तो आडवा झालेला टॉवर.

त्याच पावसाळ्यात त्यांनी पोफळीची नवी रोपं लावली. सुपारी धरायला पाच-सहा वर्षं लागतात, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. फंडाची विचारपूस मात्र रोज संध्याकाळी, दिवेलागणीनंतर.

इथे मुलाचा पराक्रम सांगायला हवा. बाजार वर-खाली झाला की अण्णांचा रक्तदाब त्याच्या बरोबरीने होतो, हे त्याच्या ध्यानात आलं. ईमेल त्याचा, पासवर्ड त्याचा. त्याने खुशाल आकडे घडवायला सुरुवात केली. बाजार चढला की थोडं हातचं राखून सांगायचं, पडला की त्या राखलेल्यातून भर घालायची. त्यामुळे केळशीच्या झोपाळ्यावर बसून पाहिलं तर अण्णांचा फंड दर महिन्याला शहाण्या मुलासारखा इंचइंच वाढतो.

आता हे तंत्र काही त्याने शोधलेलं नाही. १९६४ साली युनिट ट्रस्टने काढलेल्या ‘युनिट स्कीम ६४’चा भाव असाच ट्रस्ट स्वतः ठरवी; आतल्या शेअरांची खरी किंमत काय, याच्याशी तो बांधलेला नव्हता. मध्यमवर्ग त्याला बँकेच्या ठेवीसारखा मानत असे. २ जुलै २००१ ला ट्रस्टने त्या युनिटांची खरेदी-विक्रीच सहा महिन्यांसाठी थांबवली आणि घरोघर हाय खाल्ली. पुढे लहान गुंतवणूकदारांना तीन हजार युनिटांपर्यंत दहा रुपयांचा भाव मिळाला, तो महिन्याला दहा पैशांनी वाढे. अण्णांचे वडील त्यातलेच. अण्णा आजही हळहळतात ते बुडालेल्या रकमेसाठी नव्हे. “ते दहा पैसे मात्र न चुकता चढायचे हो!”

परवा पोस्टमन एक जाडसर पाकीट देऊन गेला. एकत्रित खाते विवरण. ईमेलचा पत्ता बदलताना मुलाकडून काहीतरी चुकलं असणार आणि कागद थेट घरी आला. अण्णांनी चष्मा पुसला, शेवटचा आकडा काढला, कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलेला मुलाचा आकडा काढला. कागदावरची रक्कम बावीस हजारांनी जास्त होती. बाजार तेजीत होता आणि मुलाने हातचं जरा जास्तच राखलं होतं.

अण्णांनी मला हाक मारून बोलावलं, दोन्ही आकडे दाखवले.

“कंपनीचा हिशेब चुकलाय,” ते म्हणाले. “उद्या दापोलीला जाऊन सांगून येतो. त्यांच्या लक्षात येण्याआधी आपण सांगितलेलं बरं. वर ओळखीचा माणूस आहे, त्याच्या नोकरीवर गदा नको.”