बुटाचा निकाल त्याच दिवशी

वकिलांवर कारवाई होत नाही, असे म्हणणाऱ्यांची तोंडे ६ ऑक्टोबर २०२५ला बंद झाली. सर्वोच्च न्यायालयात एका वकिलाने तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या दिशेने बूट फेकायचा प्रयत्न केला आणि त्याच दिवशी बार कौन्सिल ऑफ इंडियाने त्याची सनद निलंबित केली. अमरावतीचे गवई शांत राहिले, सुनावणी पुढे चालू ठेवली. घाई झाली ती कौन्सिलला.

म्हणजे यंत्रणेला पळता येते. पक्षकाराच्या नुकसानभरपाईचा चेक वकिलाने परस्पर वटवला, की मात्र तिचे गुडघे दुखू लागतात.

१९६१च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टप्रमाणे तक्रार राज्याच्या बार कौन्सिलकडे करायची. आपल्याकडे ती महाराष्ट्र आणि गोव्याची एकच. तिथली शिस्तपालन समिती तीन जणांची; तिघेही वकील. त्यातले दोघे कौन्सिलचे सदस्य, म्हणजे वकिलांच्याच मतांवर निवडून आलेले. मतदारालाच शिक्षा करायची म्हणजे केवढे धैर्य हवे! वर्षभरात निकाल लागला नाही तर प्रकरण आपोआप दिल्लीला, बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जाते. मुंबईत वर्षभर काहीच न करणे हाही निकालच म्हणायचा. ग्राहक आयोगात जावे, तर १४ मे २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने ती वाटही बंद केली. वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात बसत नाही म्हणे.

जुनी गोष्ट आहे, पण आपल्या मुंबईच्या किल्ला कोर्टातली. तिथल्या दाराशी काही वकील पक्षकारावर झडप घालत, एकमेकांच्या हातातले कागद हिसकावत, फी उतरवत, प्रसंगी हातघाईवर येत. राज्याच्या कौन्सिलने (श्रेय द्यायलाच हवे) त्यांना तीन वर्षांसाठी निलंबित केले. दिल्लीच्या कौन्सिलने नियमाचा कीस पाडून ते रद्द केले. मग राज्याची कौन्सिल सर्वोच्च न्यायालयात गेली, तर पहिला वाद हाच की तिला अपील करायचा अधिकार तरी आहे का. त्यासाठी सात न्यायमूर्ती बसले! अधिकार आहे असे ठरले आणि नंतर न्या. कृष्णा अय्यर यांनी दिल्लीच्या कौन्सिलने लावलेला नियमाचा अर्थ खोडून काढला. पक्षकार ओढण्यासाठी हाणामारी करणे हे गैरवर्तन आहे, हे ठरायला देशाचे सर्वोच्च न्यायालय लागले.

आणखी एक नमुना. १९९५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अवमानाच्या प्रकरणात एका ज्येष्ठ वकिलाला तीन वर्षे वकिली बंद केली. ते होते व्ही. सी. मिश्रा, खुद्द बार कौन्सिल ऑफ इंडियाचे अध्यक्ष. १९९८मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितले, अवमानाची शिक्षा म्हणून सनद रोखणे आमच्या अधिकारात नाही, ते काम बार कौन्सिलचे. ज्यांच्या अध्यक्षांना शिक्षा झाली होती, त्यांचेच!

खोट्या तक्रारीही येतात. हरलेला पक्षकार कधीकधी समोरच्या वकिलावरच राग काढतो, हे मान्य. त्या झटपट फेटाळा. पण खऱ्या तक्रारींसाठी संसदेने एवढे तरी करावे: समितीच्या तीन खुर्च्यांपैकी एक वकील नसलेल्याला द्यावी. आणि वाचकहो, तोवर वकिलाला फी दिली की पावती मागा.