गल्ल्यावरचा माणूस

एडिसन, न्यू जर्सी

तीर्थरूप आई-बाबांस,

निरोप पोचला. डिसेंबरात आम्ही मीरा रोडला उतरलो की पहिल्याच रविवारी सगळ्यांनी मिळून बाहेर जेवायचं, इथवर घरात एकमत झालेलं दिसतं. पुढे मात्र दोन पक्ष पडलेत. आईचा पक्ष म्हणतो, मॉलमधल्या साखळीवाल्या हॉटेलात जाऊ, नातवंडांना सवयीचं वाटेल. बाबांचा पक्ष म्हणतो, स्टेशनाच्या पूर्वेला नया नगर आहे, तिथल्या एखाद्या हॉटेलात बसू, नातवंडांना सवय लागेल. निवाडा माझ्याकडे पाठवलाय, कारण साडेबारा हजार किलोमीटरवर बसलेल्याच्या अंगावर कुणी धावून येऊ शकत नाही. निकाल आधीच सांगतो, म्हणजे बाबा चष्मा काढून झोपायला मोकळे: नया नगर. कारणं खाली दिली आहेत, ती आईसाठी. निकाल मान्य करावा लागतो, कारणं खोडता येतात, म्हणून तिला कारणं जास्त आवडतात.

माझा मुद्दा एकच आहे. एकटा माणूस हॉटेलात जातो तेव्हा तो पदार्थ मागवतो; कुटुंब जातं तेव्हा ते अपवाद मागवतं. आजीला तिखट चालत नाही, धाकटीला ताटात हिरवं दिसलेलं चालत नाही, काकांचा शनिवार असतो, कुणाला पाणी कोमट हवं, कुणाला रस्सा वेगळ्या वाटीत, आणि एक रिकामी प्लेट तर प्रत्येक मराठी टेबलाला लागतेच, ती कशासाठी हे कुणालाच सांगता येत नाही. यातलं काहीही मेन्यूकार्डावर नसतं. ते मिळायचं तर हॉटेलात एक तरी माणूस असा लागतो, ज्याला कुणाला न विचारता ‘हो’ म्हणता येतं. नया नगरच्या हॉटेलात तो दाराशीच गल्ल्यावर बसलेला असतो. तो आतल्या बाजूला नुसती मान वळवतो आणि काम होतं. साखळीच्या हॉटेलात हा माणूस दुसऱ्या कुठल्या तरी शहरात, मुख्य कचेरीत असतो. तुमच्यासमोर उभा राहतो तो एक नम्र मुलगा, आणि त्याच्या हातातल्या यंत्रावर ‘आजीसाठी बेताचं तिखट’ असं बटण नसतं. तयार ग्रेव्ही मध्यवर्ती स्वयंपाकघरातून आलेली असेल, तर तिखट तिथेच पडून गेलेलं असतं. मुलगा कितीही भला असला तरी ते चिमट्याने वेचून काढू शकत नाही.

मुंबईच्या हॉटेलांनी हे फार पूर्वी ओळखलं होतं. जुन्या इराण्याकडे ‘फॅमिली रूम’ असे, म्हणजे लाकडी आडोसा किंवा माळ्यावरची चार टेबलं. आजही ‘फॅमिली कुठे?’ असं विचारलं की पोऱ्या जिन्याकडे बोट दाखवतो. भेंडी बाजारातलं नूर मोहम्मदी १९२३ चं, दादरचं मामा काणे १९१० चं, माटुंग्याची रामा नायकांची उडुपी खानावळ १९४२ ची. एकाकडे नळी, एकाकडे बटाटेवडा, एकाकडे केळीच्या पानावरचं सात्त्विक जेवण. एकाच्या गिऱ्हाइकाने दुसऱ्याकडे पाऊल टाकलं नसेल. पण तिन्ही ठिकाणं कुणाची ते लोकांना ठाऊक, आणि तक्रार कुणाकडे करायची तेही. नया नगर यांच्यापुढे कालचं पोर. मिठागरांच्या आणि खाजणांच्या या पट्ट्यात गेल्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत इमारती दाटल्या. दक्षिण मुंबईतल्या दाटीवाटीच्या वस्त्यांतून मुसलमान कुटुंबं इथे येत राहिली, १९९२-९३ च्या दंगलींनंतर तर जास्तच. मागची खोली विकता आली, निहारीची सवय विकता आली नाही, म्हणून तीही लोकलने मागोमाग आली. या वस्तीत कोकणी मुसलमान घरंही आहेत. सांदण काय असतं हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही, आणि बाबांनी रत्नागिरीचा हेल काढला तर समोरून तोच हेल परत येण्याची शक्यता मॉलपेक्षा इथे बरीच जास्त आहे.

आता आई म्हणेल, सेवा मॉलमध्ये चांगली मिळते, हसून बोलतात. या हसण्याबद्दल अमेरिकेत राहणाऱ्याला दोन शब्द बोलायचा अधिकार आहे. इथे ज्या नोकराला टिप मिळते, त्याला मालकाने रोख द्यायचं किमान वेतन देशाच्या कायद्यात तासाला २.१३ डॉलर आहे, आणि हा आकडा १९९१ पासून जागचा हललेला नाही. न्यू जर्सीने स्वतःचा दर वर ठेवलाय, तरी वेतनाचा मोठा वाटा गिऱ्हाइकाच्या खिशावरच सोडलेला. मग मेन्यूकार्डावरच्या भावात आधी ६.६२५ टक्के विक्रीकर चढतो, आणि त्यानंतर टिप विचारणारा यंत्राचा पडदा पुढे येतो: १८, २०, की २२ टक्के? म्हणजे हसू फुकट नसतं, बिलात त्याचा रकाना असतो. आणि एवढं देऊनही हसणाऱ्याच्या हाती अधिकार नसतोच. ‘भात थोडा मऊ करून द्या’ म्हटलं की तो मनापासून दिलगिरी व्यक्त करतो. आपल्याकडेही मोठ्या हॉटेलांनी बिलात परस्पर सेवाशुल्क लावायला सुरुवात केली होती. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ते आपोआप लावायला मनाई केली, हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्राधिकरणाचीच बाजू उचलून धरली. नया नगरच्या छोट्या हॉटेलात हा खटला उभाच राहत नाही. बडीशेपेच्या बशीत काय ठेवायचं ते तुमचं तुम्ही ठरवता, आणि वेटर बशीकडे न बघण्याचा उत्तम अभिनय करतो.

बिलावरून आठवलं. बाबांच्या पक्षातही एक शंकेखोर आहे: छोट्या हॉटेलच्या बिलावर जीएसटी दिसत नाही, म्हणजे कर बुडवत असणार. असणारच असं नाही. दीड कोटीच्या आतल्या उलाढालीच्या हॉटेलाला कंपोझिशन योजना घेता येते. त्यात मालक उलाढालीवर पाच टक्के स्वतःच्या गल्ल्यातून भरतो आणि गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेण्याची त्याला मुभाच नसते. तेव्हा कोऱ्या बिलाला लगेच चोर ठरवू नये. मॉलचं बिल लांब असतं हे खरं, पण लांबी हा काही प्रामाणिकपणाचा पुरावा नव्हे. तसं असतं तर आपल्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त वेदांच्या पंक्तीला बसलं असतं.

स्वच्छतेचा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. नळाखालची बादली, टेबलावरून फिरणारं तेच ते फडकं, हे सगळीकडे नीट नसतं. पण पारख करायची साधनं इथे जास्त आहेत. मॉलमधलं स्वयंपाकघर झुलत्या दारामागे असतं. इथे सीखेची शेगडी, तंदूर, बैदा रोटीचा तवा, सगळं रस्त्याच्या तोंडाशी मांडलेलं. आत शिरण्याआधीच अर्धी तपासणी उभ्या उभ्या होते. उरलेली अर्धी भिंतीवर: अन्नसुरक्षेच्या परवान्याचा चौदा आकडी क्रमांक लावलाय का ते बघायचं. आणि सर्वांत मोठं प्रमाणपत्र म्हणजे ‘खतम हो गया’ हे उत्तर. निहारी रात्रभर मंद आचेवर शिजते; तिच्या नावातच सकाळ आहे. हंडी एकच, ती रिकामी झाली की झाली. खिचड्याचंही तेच: गहू, डाळी आणि मटण तासन्‌तास घोटायचं, मग घाईने दुसरा घाणा निघत नाही. जिथे पदार्थ संपतो तिथे तो ताजा असतो, असा साधा हिशेब आहे. ज्या हॉटेलात ऐंशी पदार्थांतला एकही कधीच संपत नाही, तिथे मला फ्रीजची काळजी वाटते.

पुढचा आक्षेप आई मोठ्याने बोलणार नाही, म्हणून मीच बोलतो. ताटात नक्की काय येईल, आणि ‘त्या भागात’ कशाला जायचं? पहिल्याचं उत्तर सोपं: विचारायचं. २०१५ पासून महाराष्ट्रात गाय, बैल, वळू सगळ्यांच्याच कत्तलीला बंदी आहे, म्हणून ‘बडे का’ म्हणजे म्हशीचं आणि ‘छोटे का’ म्हणजे बकऱ्याचं. नको असेल ते सरळ सांगावं. रोज दहा गिऱ्हाइकं हेच विचारतात आणि गल्ल्यावरच्या माणसाला त्यात अपमान वाटत नाही. खोटं सांगणं त्याला परवडणारंही नाही, कारण त्याचं दुकान बदलत नाही आणि चेहराही. काकांना मांसाहार नको असेल तर दाल फ्राय आणि रोटी आहेच, आणि अगदी कडक पाळायचं असेल तर शेजारच्या शांती नगरात शाकाहारी हॉटेलं आहेत. दोन पंगती करू, नंतर फिरनीला एकत्र येऊ. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इतकं सोपं नाही. जानेवारी २०२४ मध्ये तिथे दोन गटांत तणाव झाला, मागोमाग पालिकेचे बुलडोझर फिरले, आणि शहरात भीती बसली. ती भीती खोटी होती असं मी इतक्या लांबून म्हणणार नाही. एवढंच म्हणतो, की अशा वेळी बाहेरचं गिऱ्हाईक सर्वांत आधी थांबतं आणि सर्वांत उशिरा परततं, दुकानाचं भाडं मात्र एक महिनाही थांबत नाही. आपण गेलो तर समाजकार्य होत नाही. शेजारची वस्ती बातमीतून ओळखण्याऐवजी जेवणातून ओळखली जाते, आणि जेवणाची माहिती जास्त विश्वासार्ह असते.

शेवटची पळवाट: ‘मग घरीच मागवू की, ॲपवरून.’ मागवा, पण मग दोन नुकसानं. ॲपवाले वीस-पंचवीस टक्क्यांच्या घरात कमिशन कापतात, ते एक तर हॉटेलवाल्याच्या पोटातून जातं नाही तर आपल्या भावात शिरतं. दुसरं, तंदुरी रोटीचं आयुष्य दहा मिनिटांचं. स्कूटरवरून आलेली रोटी चपलेला टाचेखाली लावण्यालायक असते. आणि मूळ मुद्दा तर उरतोच: ॲपमध्ये गल्ला नाही. ‘स्वयंपाक्याला सूचना’ अशा चौकोनात आजीचं पथ्य लिहायचं आणि वाट बघायची, म्हणजे समुद्रात बाटली सोडण्यासारखंच.

उलट बाजूही मांडतो, नाहीतर आई म्हणेल वकिली केली. मालकाचं हॉटेल म्हणजे मालकाचा मूडही आला. तो चिडका निघाला तर तक्रार करायला वर कुणी नाही; साखळीत निदान एक टोल-फ्री नंबर असतो. वाईट मालकाचं हॉटेल वाईटच असतं, पण ते गल्लीत चार महिन्यांत कळतं, आणि वाईट साखळी मात्र जाहिरातीवर वर्षानुवर्षं तरते. आणि कुटुंबाच्या जेवणातला सर्वांत अवघड प्रसंग साखळीला अजून सुटलेला नाही. बिल कुणी द्यायचं? मराठी घरात यावरून हात धरले जातात, खिसे आवळले जातात, ‘आमच्याकडे आलायस’ आणि ‘डॉलर कमावतो’ असे युक्तिवाद होतात. यंत्राला यातलं काही कळत नाही; जो कार्ड आधी पुढे करतो त्याचं ते घेतं. गल्ल्यावरचा माणूस आधी सगळ्यांच्या केसांकडे बघतो, मग सर्वांत पांढऱ्या डोक्याकडून पैसे घेतो आणि धाकट्याला म्हणतो, ‘आप अगली बार।’ हा निवाडा अपिलात जात नाही.

तेव्हा बाबा, पाकीट बरोबर असू द्या.

तुमचा,
चिरंजीव

ता. क. रिकामी प्लेट मी आल्या आल्याच मागणार आहे. कशासाठी ते विचारू नये.