आत्याचं लग्न आणि टक्क्याचं चिन्ह

नव्या कुलवृत्तांताचं काम कोणी करायचं हा विषय कुलमंडळाच्या सभेत निघाला तेव्हा मी चहा आणायला उठलो होतो. परत आलो तो संपादक होऊन.

पुतण्या म्हणाला, "काका, वर्डमध्ये नको. एवढ्या शाखा, एवढे फोटो, सगळं सरकत राहील. लेटेकमध्ये करा. फुकट आहे." फुकट म्हटल्यावर पासष्टी उलटलेला माणूस विचार करत नाही.

लेटेकमध्ये लिहिताना पान दिसतच नाही. अक्षर ठळक हवं तर महिरपी कंस उघडायचा, तिरकी रेघ, मग हुकूम. कंस मिटवायचाही असतो. माझा एक राहिला आणि मूळ पुरुषापासून परवा बारसं झालेल्या मुलीपर्यंत सगळं घराणं ठळक झालं. जन्मभर मी ऑफिसात मसुदे लिहिले. 'पुढे नेहमीप्रमाणे' एवढं खरडलं की टंकलेखिका बाई समजून घ्यायच्या. माझ्या तारखा, क्वचित माझी मतंही परस्पर सुधारायच्या. हे यंत्र फक्त लिहिलेलं वाचतं.

याचा गाभा, म्हणजे टेक, डोनाल्ड कनूथ यांचा. १९७७ मध्ये स्वतःच्याच पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची मुद्रितं पाहून ते इतके वैतागले की जुळणीची व्यवस्था आपणच करू म्हणून बसले. वर्षभरात उरकेल असं वाटलेलं काम दहा वर्षं पुरलं. (हा माणूस मला तिथेच आवडला.) त्यांच्या पुस्तकात चूक दाखवणाऱ्याला ते २ डॉलर ५६ सेंटचा चेक देत. आमच्या भाऊबंदांना ही सवलत दिली असती तर मला राहतं घर विकावं लागलं असतं.

फोटो कुठे बसवायचा हेही लेटेक स्वतःच ठरवतं. आमचे पगडीतले पणजोबा धाकट्या शाखेच्या पानावर जाऊन बसले. त्या शाखेशी आमचं आंब्याच्या बागेवरून बोलणं बंद आहे.

मग कच्ची प्रत पाहून आत्याचा फोन आला. "का रे, माझं लग्न झालंच नाही वाटतं?"

मी पान उघडलं. 'मॅट्रिकला संस्कृतात ८५'. पुढे काहीच नाही. टक्क्याचं चिन्ह आलं की ओळीत पुढे असेल ते लिहिणाऱ्याची खासगी टीप समजून लेटेक छापत नाही. एकेका माणसाचं चरित्र मी एकेका लांबलचक ओळीत कोंबलं होतं. त्यामुळे आत्याचा नवरा, तीन मुलगे, शाळेतली नोकरी, सगळं गेलं. एरवी क्षुल्लक गोष्टीवरून बोंब मारणारं यंत्र इथे चकार शब्द बोललं नव्हतं. घराण्यातली हुशार माणसं अशी अर्धवट राहिली. नापास झालेल्यांची चरित्रं मात्र साद्यंत छापली गेली होती.

पुतण्या फोनवर म्हणाला, "टक्क्याच्या आधी बॅकस्लॅश द्या, काका." शेकडो ठिकाणी कोण देत बसणार? 'सगळीकडे बदला' हे बटण मला एव्हाना सापडलं होतं. दाबलं, फाईल छापखान्यात धाडली आणि त्या रात्री छान झोपलो.

पुस्तक पोचल्यावर आत्याचा पुन्हा फोन. "लग्न झालं हो माझं, मुलगेही आहेत. आणि प्रत्येक शाखेच्या डोक्यावर जे छापलंयस ना, ते अगदी योग्य केलंस."

डोक्यावर मी काहीच छापलं नव्हतं. लिहिलं होतं पुतण्याने, फाईलीत, माझ्यापुरतं, टक्क्याच्या आड: 'काकांनी इथे हात लावू नये.'