आजीबाई, तुम्ही मुलाच्या कोण?

दरवर्षी १० सप्टेंबरला शाळाशाळांतून आजी-आजोबा दिवस साजरा करावा, असा आदेश राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने २०२३ साली काढला. सरकार म्हाताऱ्यांसाठी काय करतं, असं विचारणाऱ्यांची तोंडं बंद करायला हा एक कागद पुरेसा आहे. त्यात विटीदांडू आहे, संगीत खुर्ची आहे, आजीच्या बटव्यातल्या औषधांची माहितीही आहे. गुडघ्यांनी संप पुकारलेल्या बायांनी खुर्चीभोवती पळायचं आणि नातवंडांनी टाळ्या वाजवायच्या. बटव्यात गुडघ्यावरचं औषध असेलच, म्हणजे विभागाने सगळा विचार केलेला दिसतो.

तारीखसुद्धा बघा कशी नेमकी साधली आहे. बीड जिल्ह्यात पाटोदा, शिरूर कासार, केज, धारूरकडे सप्टेंबरात घरं भरलेली असतात. लेक-सून गावात, त्यामुळे म्हातारीला जरा उसंत. दसरा-दिवाळी उरकली की ऊसतोडीच्या मुकादमाची गाडी दारात लागते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. असे कोयते भांड्याकुंड्यांसकट चढतात आणि पश्चिम महाराष्ट्र नाहीतर कर्नाटक गाठतात. मागे उरतात शाळेची पोरं आणि त्यांच्यासाठी आजी-आजोबा, ते थेट मार्च-एप्रिलपर्यंत. म्हणजे आजी नुसती आजी असते तेव्हा तिचा सत्कार, आणि ती आई-बाप दोन्ही होते त्या पाच-सहा महिन्यांत सरकारी कॅलेंडर कोरं.

कोरं म्हणणं थोडं अन्यायाचं होईल. पोरांनी आई-बापामागे फडावर जाऊन शाळा बुडवू नये म्हणून हंगामी वसतिगृहं निघाली आहेत. दोन वेळचं ताट मिळतं म्हणून कित्येक पोरं गावात टिकली, हे खोटं नाही. पण बऱ्याच गावांत वाटणी अशी आहे की जेवायचं शाळेत आणि झोपायचं आजीकडे. मध्यरात्री पोराला ताप भरला तर तो वसतिगृहाच्या हजेरीपटावर भरत नाही. गार पाण्याच्या पट्ट्या ही बाब अंदाजपत्रकात कुठल्या शीर्षाखाली टाकायची, यावर अजून टिपणी फिरत असावी.

आता सरकारी खिडकीपाशी जाऊ. पोराचा कसलासा ऑनलाइन अर्ज भरायचा आहे. आजी मोठ्या पिशवीतून छोटी पिशवी काढते, छोटीतून प्लॅस्टिकची, आणि तिच्यातून घड्या पडून पडून चार तुकडे व्हायला आलेलं रेशनकार्ड.

"आजीबाई, तुम्ही मुलाच्या कोण?"

"आजी हाय की. मीच सांभाळते त्याला."

"ते कळलं हो. पण पालक कोण?"

हा प्रश्न उर्मट वाटतो, पण खिडकीमागचा पोरगा कायद्याच्या बाजूने आहे. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ प्रमाणे नैसर्गिक पालक म्हणजे बाप आणि त्याच्यानंतर आई. यादी तिथे संपते. आजीला न्हाऊ-माखू घालायला, शाळेत सोडायला, पोराने फोडलेल्या काचेचे पैसे भरायला कायद्याची हरकत नाही. सहीपुरती तेवढी अडचण आहे.

मग येतो ओटीपी. तो आधारला जोडलेल्या मोबाइलवर जातो, मोबाइल पोराच्या बापाच्या खिशात, आणि खिसा उसाच्या फडात, जिथे पहाटेपासून वाकलेल्या माणसाला खिशाचं भान नसतं. आजी शेजाऱ्याच्या फोनवरून ओरडून आकडे मागते. तिकडून आकडे येतात तेव्हा ओटीपी मेलेला असतो. दुसरा मागवावा तर रेंज गेलेली. यंत्रणेने तरी किती थांबावं? आजीचं ठीक आहे, तिला दुसरं काम काय!

बालसंगोपन योजनेत महिना २,२५० रुपये मिळतात, ते मागून बघावेत असं कुणीतरी आजीला सुचवतं. योजना चांगली आहे, नावही सावित्रीबाईंचं. पण ती मुख्यतः अनाथ, निराधार, एक पालक गमावलेल्या अशा मुलांसाठी. इथे पहिल्याच रकान्यात घोटाळा होतो, कारण आई-बाप दोघेही जिवंत आहेत. फडात आहेत, पण जिवंत आहेत. आणि ज्याचे खरोखरच गेले, त्याच्या आजीने मृत्यूचे दाखले, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाइड आणि घरासमोर नातवाला घेऊन काढलेला फोटो जोडून बालकल्याण समितीपुढे जायचं. दोन मयतांची कागदपत्रं गोळा करताना तिला रडायला वेळ मिळत नाही, हा या प्रक्रियेचा मानसोपचाराच्या दृष्टीने फायदाच म्हणायचा.

त्याच आवारात दुसरी खिडकी श्रावणबाळ योजनेची. इथे त्याच आजीने आपण पासष्टीच्या पुढे आहोत, वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत आहे, आपलं कुणी बघत नाही, हे शाबीत करायचं. केलं की महिना १,५०० रुपये. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तीवेतनात ऐंशीच्या आतल्यांसाठी केंद्राचा वाटा २००७ साली २०० रुपये होता आणि आजही २००च आहे. महागाईपुढे न झुकणारा असा बाणेदार आकडा दुसरा दाखवा! एका खिडकीवर मी अगदी निराधार आहे म्हणायचं आणि शेजारच्या खिडकीवर हे पोर मी नीट सांभाळीन म्हणायचं. दोन्हीकडची सोंगं वठवता वठवता आजी खरंच दोन्ही आहे, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. बरं, श्रावणबाळ हे नाव कुणी सुचवलं असेल? इथे कावड तर आजीच्याच खांद्यावर आहे. लाडक्या बहिणीचा रस्ताही बंद, तिथे पासष्टी उलटली की बहीण लाडकी राहत नाही.

तरीही कायदा आजीला अगदीच विसरलेला नाही. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७चा कायदा आहे, त्यात नातवानेही आजीला पोसायचं आहे. फक्त तो सज्ञान झालेला हवा. सध्या तो दुसरीत आहे. आजीने अकराएक वर्षं कळ काढावी आणि मग न्यायाधिकरणापुढे अर्ज करावा. तोवर दरवर्षी हयातीचा दाखला द्यायला हरकत नसावी.

साखर कारखान्यांच्या तक्त्यात गाळप असतं, उतारा असतो, तोडणी-वाहतुकीचा खर्च असतो. दोघं नवरा-बायको पूर्ण कोयता म्हणून फडात उभी राहू शकतात, कारण गावात एक म्हातारी पोरं धरून बसली आहे, हा खर्च तिथे सापडत नाही. तो हिशोब बिनचूक मांडणारा माणूस अख्ख्या यंत्रणेत एकच, मुकादम. उचलीचे पैसे मोजता मोजता तो सहज विचारतो, "पोरांपाशी घरी म्हातारी हाय ना?" हाय म्हटलं की पुढचं बंडल सोडतो. दाखला मागत नाही, झेरॉक्ससुद्धा नाही.