बदकोबा

लेकीकडे इंग्लंडात सहा महिने राहायला गेलो, तेव्हा शेजारच्या अंगणात ताडपत्रीखाली काहीतरी लांबलचक झोपलेलं होतं. मागचं टोक कुंपणाला टेकलेलं, नाक फुटपाथपर्यंत आलेलं. पुण्यात असतो तर मांडवाचं सामान समजून सोडून दिलं असतं. तिसऱ्या दिवशी शेजाऱ्यांनी ताडपत्री ओढली आणि आतून 31 फुटांचा हिरवा ट्रक निघाला. सहा चाकं ट्रकची, अंग होडीचं, आणि मागे पाण्यात फिरायचा पंखा.

मी कौतुकाने म्हणालो, "अच्छा, हेच ते डक!"

प्रसादाच्या शिऱ्याला कुणी सांजा म्हणावं तसा त्यांचा चेहरा झाला. डक नव्हे. डी, यू, के, डब्ल्यू. ही जनरल मोटर्सची सांकेतिक अक्षरं: डी म्हणजे 1942 साल, यू म्हणजे उभयचर (हे एक अक्षर योगायोगाने मराठीतही जुळतं), के म्हणजे पुढच्या चाकांनाही इंजिनाची ताकद, डब्ल्यू म्हणजे मागच्या दोन्ही आसांना. शिपायांनी त्याचं बदक केलं, त्याला शिपाई जबाबदार. हे सगळं कुंपणापलीकडून, पावसात, माझ्या डोक्यावर छत्री नसताना. त्या संध्याकाळी आमच्या घरात त्यांचं नाव बदकोबा पडलं.

बदकोबा निवृत्त होते, म्हणजे दिवसभर ट्रकखाली असत. फक्त बूट दिसत. ट्रकला ते 'शी' म्हणत. "शी इज ब्यूटिफुल. शी नीड्स ग्रीस." बायको दोन दिवस ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "एवढा जीव आहे तर सारखं शी शी काय करतात?"

मला वाटलं होतं, हा माणूस युद्धाच्या गोष्टी सांगेल. छे! सिसिली 1943, नॉर्मंडी 1944, दोन वाक्यांत संपलं. तळात साचणारं पाणी उपसायच्या पंपावर मात्र पाऊण तास. ड्रायव्हरला बसल्या जागेवरून, गाडी चालू असताना टायरमधली हवा कमीजास्त करता येते, हे त्यांनी मला चार वेळा करून दाखवलं. वाळूत हवा कमी, रस्त्यावर जास्त. हवा सुटताना टायर फुसफुसला की ते डोळे मिटून घेत. आमच्याकडे सवाई गंधर्वला चांगल्या तानेला लोक मिटतात तसे.

एकच गोष्ट ते रंगवून सांगत. लष्कराला हे वाहन आधी नकोच होतं. मग 1942 च्या अखेरीस, अमेरिकेत प्रॉव्हिन्सटाऊनजवळ वादळात तटरक्षकांची गस्ती बोट वाळूच्या दांड्यावर अडकली. नेहमीच्या होड्या जवळ जाईनात. तेव्हा चाचणीसाठी आलेलं हे ध्यान लाटांत घुसलं आणि सातही जणांना घेऊन आलं. लष्कराचं तोंड बंद झालं आणि पुढे अशी 21 हजारांवर वाहनं बनली. शेवटी बदकोबा माझ्याकडे असे बघत, जणू नकार देणारा तो सेनापती मीच.

त्यांचे एक मित्र होते, त्यांच्याकडे स्टॉलवर्ट. हा साठच्या दशकातला ब्रिटिश उभयचर ट्रक, इंजिन रोल्स-रॉइसचं. दोघांचं भांडण म्हणजे कोल्हापूर विरुद्ध नागपूर, तांबडा की सावजी. स्टॉलवर्टची एका बाजूची तिन्ही चाकं एकमेकांशी जखडलेली. पक्क्या रस्त्यावर यंत्रणेत ताण साचतो, म्हणून मालकाला मधूनच चाकं कच्च्यात उतरवून तो सोडवावा लागतो. "बिचारा," बदकोबा म्हणत. इतकं समाधान मी त्यांच्या तोंडावर क्वचितच पाहिलं.

जमिनीवर उभ्या ट्रकच्या तळाची बुचं काढून ठेवायची, म्हणजे पावसाचं पाणी वाहून जातं. पाण्यात शिरण्याआधी परत घट्ट बसवायची. बदकोबा ती पुसून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवत. एकदा त्यांच्याकडे चहाला गेलो, पुढे आलेल्या डब्यात न बघता हात घातला आणि दातांखाली पितळ आलं. बाईंनी शांतपणे दुसरा, हुबेहूब तसाच डबा सरकवला.

अखेर आमच्या परतण्याच्या आठवड्यात शी पाण्यात जाणार असं ठरलं. तळ्याची परवानगी निघाली. पाण्यात हिचा वेग ताशी जेमतेम 10 किलोमीटर, तरी बदकोबांनी आम्हाला घट्ट धरून बसायला सांगितलं. काठाच्या उतारावर ट्रक थांबला. हवा तपासली. पंखा तपासला. पंप तपासला. मग हात पुढे करून म्हणाले, "बुचं."

मी मांडीवरचा डबा उघडला. आत साखर भुरभुरलेली बिस्किटं होती.

कुणी काही बोललं नाही. बाईंनी थर्मास काढला, चार पेले भरले. बदकोबांनी एक बिस्किट घेतलं, पाण्याकडे बघत चहात बुडवलं. समोरून एक हिरव्या मानेचा पक्षी मजेत पोहत गेला.

"डक," बाई म्हणाल्या.

त्या दिवशी बदकोबांनी दुरुस्ती केली नाही.