दीड टन

पाडव्याच्या आदल्या दिवशी कूलर खिडकीतून खाली ओढला, तर तळ स्टँडवरच राहिला आणि बाकीचा कूलर माझ्या हातात आला. दर साली टाकीला डांबर फासायचं, बाजूचं गवत बदलायचं, मोटारीतलं शेवाळ काढायचं, ही आमच्याकडची गुढीच्या काठीइतकीच ठरलेली कामं. पत्रा कधीच संपला होता, इतकी वर्षं नुसत्या डांबरानंच पाणी धरून ठेवलं होतं, हे आता कळलं.

तसा कूलर बिलोलीच्या हवेला मानवणारा. चैत्र-वैशाखात हवा कोरडीठाक असते. गवतातलं पाणी पटकन उडतं आणि उडताना वाऱ्यातली उष्णता घेऊन जातं. मृगाची चाहूल लागून दमटपणा आला, की मात्र तो ओल्या पोत्यासारखा वास सोडत नुसता घोंगावतो. शिवाय पाणी फार पितो. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणींतून पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात आई कूलरमध्ये घागर ओतायची ती रात्री, दिवा न लावता.

यंदा पुण्याहून लेकानं फोनवर निकाल दिला, "बाबा, आता एसीच घ्या." मिस्त्री आला. त्यानं भिंती ठोकून पाहिल्या, छताकडे बघितलं आणि कुणाच्याशा लग्नपत्रिकेच्या मागे लिहायला बसला. एसी चाळीस हजार. स्टॅबिलायझर वेगळा, कारण आमच्याकडची वीज संध्याकाळी दम खाते. तांब्याचा पाइप फुटावर. बाहेरच्या युनिटचं स्टँड. भिंतीला भोक. मीटरपासून जाड वायर. मूळ आकड्याखाली ही पिलावळ अशी वाढत गेली, की पत्रिकेवरचा गणपती झाकला गेला.

"दीड टनाचा लागंल, मावशी," तो म्हणाला.

"दीड टन?" आईनं वाती वळणं थांबवलं. वाळू ब्रासमध्ये आणि ऊस टनात, हे मांजराकाठच्या माणसाला सांगावं लागत नाही. पण गारवा टनात? "आरं लेकरा, एवढं वजन ही भिंत पेलंल का?"

मी वाचलेलं सांगितलं. पूर्वी बर्फानं गारवा करत, म्हणून एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेईल, तेवढा एक टन. आईनं शांतपणे ऐकून घेतलं. "मग बर्फच का आणंना?"

मिस्त्री हसला आणि जाता जाता खरं बोलून गेला, "वर उघडा स्लॅब हाय ना, मावशी. माळवद असतं तर एकात भागलं असतं." आईनं माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात तीस वर्षांची थकबाकी होती.

कारण आमच्याकडे माळवद होतं. सागवानी तुळया, वर किलच्या, त्यावर हातभर माती. पावसाळ्याआधी पांढऱ्या मातीचा नवा थर पडायचा. त्या जाड मातीतून दुपारचं ऊन आत उतरेपर्यंत रात्र व्हायची आणि तोवर बाहेरचा वारा गार झालेला असायचा. थंडीत तीच माती ऊब धरून ठेवायची. वरून आजीची वाकळ. म्हणजे एसी आणि हीटर दोन्ही डोक्यावरच होते, बटण तेवढं नव्हतं. गुणच सांगतो असं नको. श्रावणात ते ठिकठिकाणी गळायचं, पातेल्यांची मांडामांड व्हायची आणि सवण्यातून उजेडाबरोबर कधी मांजरही यायचं.

मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. गणपती बोळवून लोक झोपले होते आणि किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती अन् माळवदं अंगावर आली. हजारो माणसं गेली. किल्लारी आमच्यापासून लांब, पण त्यानंतर मराठवाड्यात कितीक घरांत रात्री छताकडे बघत पडण्याची सवय लागली. वडिलांनी दुसऱ्याच वर्षी माळवद उतरवलं. आजी तीन दिवस बोलली नाही. सागवानी तुळया विकून सिमेंट आलं. त्या भीतीपुढे मला आजही बोलता येत नाही. फक्त हिशेब मांडायला बसलो की पहिली ओळ त्या तुळयांची लिहावी लागते. पंखा, कूलर आणि आता हा एसी, हे नंतरचे हप्ते. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि आपण जेवून आडवं झालो की ते परत करायला लागतो. उधारी इतक्या वेळेवर फेडणारं बिलोलीत दुसरं कोणी मला माहीत नाही.

एसी घेतला. २०२५ च्या सप्टेंबरात त्यावरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला होता, हे मी घरात इतक्या वेळा सांगितलं, की जणू मीच कमी करून आणला. बाहेरचं युनिट गच्चीवर बसलं. पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा आम्ही सगळे खाली खोलीत तोंड वर करून उभे. आई मात्र गच्चीवर. तिनं युनिटसमोर तळहात धरला. गरमागरम वारा. मग बाजेवर वाळत घातलेल्या कुरडयांकडे पाहिलं आणि जिन्यातून मिस्त्रीला हाक मारली, "आरं बाबा, हे जरा डावीकडं सरकव की. बाजंच्या तोंडाशी."